महाग अत्तर अधिक सुवासिक असते काय?

गेल्या वर्षीच्या स्नेहसंमेलनाच्या सायंकाळी घडलेली एक लहानशी गोष्ट अद्याप माझ्या मनातून गेलेली नाही. नाट्यप्रवेश सुरू होण्यास थोडा अवकाश होता व पडद्यामागे मुलांची वेषभूषा चालली होती. इयत्ता नववीतील एक विद्यार्थी नवा सदरा घालून आला होता आणि त्याच्या कानात अत्तराचा फाया होता. आश्विनातील बालाजीच्या यात्रेत त्याच्या आईने अत्तरवाल्याकडून घेतलेली ती कुपी. सणासुदीला पुरवून पुरवून वापरावयाची. त्याच्याच वर्गातील दुसऱ्या एका मुलाजवळ परदेशी सुगंधाची बाटली होती. मुंबईच्या मामांनी दिलेली. तिची किंमत त्याने सर्वांस एकदा सांगितली, पुन्हा एकदा सांगितली आणि मग पहिल्याकडे वळून नाक मुरडून म्हणाला, "हा तर वीस रुपयांचा वास!" मुले हसली. तो मुलगा काही बोलला नाही. थोड्या वेळाने मी पाण्याच्या टाकीकडे गेलो, तेव्हा तो तेथे एकटाच उभा राहून कान व मान घासघासून धूत होता.

"चल, प्रवेशाची वेळ झाली," एवढेच मी त्याला म्हणालो. शिक्षकाने अशा वेळी काही सांगावयास हवे. परंतु मला ते सुचले नाही. घरी गेल्यावर विचार करू लागलो, तेव्हा ध्यानात आले की, 'वीस रुपयांचा वास' हा शब्दप्रयोगच मोठा चमत्कारिक आहे. अत्तराला किंमत असते हे खरे. पण वासाला किंमत असते काय? डोळे मिटून दोन फाये हुंगले तर त्यांतील महाग कोणता हे नाक सांगू शकेल काय? प्रस्तुत लेख म्हणजे त्या सायंकाळी न दिलेले आणि आता उशिरा दिलेले उत्तर होय.

प्रथम नाकाचे काम पाहू. सुवासिक पदार्थातून त्याचे अतिसूक्ष्म रेणू सतत हवेत उडत असतात. श्वासाबरोबर ते नाकाच्या पोकळीच्या अगदी वरच्या भागी पोहोचतात. तेथील त्वचेत वास ओळखणारे ग्राहक असतात. मनुष्याच्या ठायी या ग्राहकांचे सुमारे ४०० प्रकार आहेत. ते ज्या जनुकांमुळे घडतात त्या जनुकांचा शोध लिंडा बक व रिचर्ड ॲक्सेल या दोघा अमेरिकन शास्त्रज्ञांनी १९९१ साली लावला आणि त्याबद्दल त्यांना २००४ साली नोबेल पारितोषिक मिळाले. एक रेणू अनेक ग्राहकांना कमीअधिक जागे करतो, आणि कोणकोणते ग्राहक एकाच वेळी जागे झाले यावरून मेंदू वास ओळखतो. बाजाच्या पेटीवर पट्ट्या मोजक्याच. पण त्यांच्या मेळातून किती राग निघतात! गंधाचेही तसेच आहे. येथे एक गोष्ट ध्यानात ठेवावी. रेणूच्या पाठीवर किमतीची चिठ्ठी चिकटविलेली नसते. नाकाला कळतो तो रेणू. तो कोणत्या दुकानातून आला हे नाकाला कळत नाही.

मग काही अत्तरे इतकी महाग का? याचे उत्तर शेतात आणि रानात सापडते. गुलाबाचे एक किलो शुद्ध तेल काढण्यास सुमारे ३,००० ते ४,००० किलो पाकळ्या लागतात. त्या पहाटे, ऊन चढण्यापूर्वी, हातांनी खुडाव्या लागतात; कारण उन्हाबरोबर त्यांतील तेल उडून जाते. चंदनाचे तेल झाडाच्या गाभ्यातून व मुळांतून निघते; तो गाभा भरण्यास वर्षानुवर्षे वाट पाहावी लागते. उत्तर प्रदेशातील कनौज येथे आजही तांब्याच्या डेगेत फुले शिजवितात, त्यांची वाफ वेताच्या वा बांबूच्या नळीतून भपका नावाच्या सुरईसारख्या भांड्यात उतरवितात आणि भपक्यातील चंदनतेलात ती मुरते. एकाच तेलावर अनेक दिवस नवनवी फुले चढवीत गेल्यावर अत्तर सिद्ध होते. म्हणजे किंमत मोजते ती दुर्मिळता, श्रम आणि काळ. या तीन गोष्टी आदरणीय आहेत. तथापि त्यांपैकी एकीचाही अर्थ 'सुवास' असा होत नाही.

याचा पडताळा पाहण्यासाठी ज्येष्ठाच्या शेवटी अंगणात उभे राहावे. पहिल्या सरीनंतर तापलेल्या मातीतून जो वास येतो, त्याच्यासाठी कोणी पैसा मागत नाही. बेअर व थॉमस या ऑस्ट्रेलियातील दोघा शास्त्रज्ञांनी १९६४ साली या मृद्गंधाला 'पेट्रिकोर' असे शास्त्रीय नाव दिले; परंतु कनौजचे अत्तरवाले त्याच्या कितीतरी आधीपासून भाजलेल्या मातीचे अत्तर काढीत आले आहेत व ते विकतही आहेत. वास तोच, अंगणात फुकट, कुपीत महाग. तीच गोष्ट वाळ्याची. आपल्याकडे उन्हाळ्यात जो वाळा माठात टाकतात आणि ज्याचे ताटे खिडकीला लावतात, त्याच मुळांचे तेल परदेशांतील भारी किमतीच्या अत्तरांत घातलेले असते.

आता आपल्याच वऱ्हाडाशी निकट संबंध असलेली एक हकीकत सांगतो. या प्रश्नाचे उत्तर मला प्रथम तिच्यात सापडले. सातपुड्याच्या डोंगरांत, मेळघाट, बैतूल, निमाड व खानदेश या भागांत, रोशा नावाचे एक उंच गवत आपोआप उगवते. त्यालाच काही ठिकाणी तिखाडी म्हणतात. पावसाळा सरता सरता त्याला तुरे येतात. ते चुरगाळून हुंगले तर गुलाबाची आठवण यावी असा वास येतो. हे गवत कापून रानातील ओढ्याकाठी भट्ट्या मांडावयाच्या, लोखंडी वा तांब्याच्या भांड्यात ते शिजवावयाचे, बांबूच्या नळीतून वाफ थंड पाण्यात ठेवलेल्या भांड्यात उतरवावयाची आणि वर तरंगणारे तेल काढून घ्यावयाचे, हा त्या भागातील जुना धंदा आहे. रोशाचे तेल गुडघेदुखीवर चोळण्यासाठी पुष्कळ घरी असे.

एकोणिसाव्या शतकात हे तेल मुंबई बंदरातून तांबड्या समुद्राच्या वाटेने तुर्कस्थानास जाई. तेथे त्याला 'इद्रिस यागी' असे म्हणत. बल्गेरिया तेव्हा तुर्की साम्राज्यात होता आणि तेथील कझानलिक हे गुलाबाच्या अत्तराचे जगप्रसिद्ध केंद्र होते. तुर्कस्थानातील व्यापारी आपल्या रोशाचे तेल उन्हात ठेवून त्याचा रंग व उग्रपणा कमी करीत आणि मग ते गुलाबाच्या तेलात मिसळत. काही जण तर भट्टीत घालण्यापूर्वीच ते पाकळ्यांवर शिंपडीत. शुद्ध गुलाबतेल थंडीत गोठते. म्हणून गिऱ्हाइके ते गोठवून पारखीत. त्यावरही उपाय निघाला. भेसळीच्या तेलात देवमाशाच्या डोक्यातील मेणासारखा पदार्थ टाकला की तेही गोठे. फ्लूकिगर व हॅनबरी या दोघा औषधिशास्त्रज्ञांनी १८७४ साली आपल्या ग्रंथात या प्रकाराची नोंद केली आहे. युरोपातील श्रीमंतांच्या घरी रुमालावर जो 'पूर्वेचा गुलाब' दरवळे, त्यात मेळघाटच्या वा निमाडच्या गवताचा अंश असण्याचा पुष्कळ संभव होता. 'नाव सोनुबाई, हाती कथलाचा वाळा' ही म्हण आपण जाणतो. येथे हाती आपला रोशा होता आणि नाव मात्र गुलाबाचे होते. ज्या रानातील माणसांनी भट्टीजवळ उभे राहून ते तेल काढले, त्यांना ना गुलाबाचे नाव मिळाले, ना गुलाबाची किंमत.

ही फसवणूक इतकी वर्षे का चालली? याचे कारण रसायनशास्त्राने सांगितले. ओस्कार याकोबसेन या जर्मन शास्त्रज्ञाने १८७१ साली याच भारतीय तेलातून एक सुगंधी द्रव्य वेगळे केले. व्यापारी या तेलाला चुकीने 'जिरेनियमचे तेल' म्हणत. त्यावरून त्या द्रव्यास 'जिरेनिऑल' असे नाव पडले. रोशाच्या तेलात शेकडा पाऊणशे किंवा त्याहून अधिक भाग जिरेनिऑलच असतो. आणि हेच द्रव्य गुलाबाच्या तेलाचाही एक मुख्य घटक आहे. म्हणजे लबाडी व्यापाऱ्याची असली तरी साम्य निसर्गाचेच होते. बाजारातील सामान्य नाक फसले यात नवल नाही.

मग गुलाब आणि रोशा एकच काय? नाही, आणि हेही तितक्याच प्रामाणिकपणे सांगितले पाहिजे. खऱ्या गुलाबतेलात जिरेनिऑलखेरीज शेकडो द्रव्ये असतात. त्यांपैकी डॅमॅसेनोन नावाचे एक द्रव्य शेकडा पाव भागाहूनही कमी असते. परंतु ते इतके तीव्र आहे की पाण्यात अब्जांशाहून कमी असले तरी नाकाला जाणवते. गुलाबाच्या वासाला जी खोली आहे, तिचा मोठा भाग या चिमूटभर द्रव्याचा आहे. भाजीत मीठ किती थोडे असते, पण त्यावाचून भाजी अळणी लागते, तसेच हे. ज्याचे नाक सरावलेले आहे तो अत्तरिया रोशा व गुलाब यांतील भेद सांगू शकतो. यास्तव 'सारी अत्तरे सारखीच' असे म्हणणे हीदेखील चूकच ठरेल.

एकोणिसाव्या शतकाच्या उत्तरार्धात रसायनशास्त्राने अत्तराच्या बाजारात मोठीच उलथापालथ केली. १८६८ साली विल्यम पर्किन याने वाळलेल्या गवतासारखा गोड वास असणारे कूमारिन प्रयोगशाळेत तयार केले. १८७४ साली टीमान व हारमान यांनी व्हॅनिलाचा सुवास देणारे व्हॅनिलिन बनविले. १८८८ साली अल्बर्ट बाउर स्फोटक द्रव्यांवर प्रयोग करीत असताना त्याच्या हाती अकस्मात कस्तुरीसारखा वास असणारा पदार्थ लागला. १८९३ साली टीमान व क्रूगर यांनी व्हायोलेट फुलांच्या वासाचे आयोनोन सिद्ध केले. जो सुवास पूर्वी केवळ राजेरजवाड्यांच्या आवाक्यातील होता, तो अशा रीतीने सामान्य माणसाच्या साबणात आला. आपल्या महाराष्ट्रातही या शास्त्राचा उद्योग उभा राहिला. मुंबईत १९२२ साली स्थापन झालेली एस. एच. केळकर आणि कंपनी सुगंधी द्रव्ये बनविणाऱ्या भारतातील प्रमुख संस्थांपैकी एक आहे.

कोणी म्हणेल, "प्रयोगशाळेतील वास तो नकली; महाग बाटलीत अस्सल फुले असतात." ही समजूत खरी नाही. १९२१ साली फ्रान्समध्ये निघालेले 'शानेल क्रमांक ५' हे जगातील अत्यंत प्रसिद्ध अत्तर घ्या. एर्नेस्त बो या अत्तरियाने त्यात मोगऱ्याच्या जातीची फुले व गुलाब यांच्या जोडीला अल्डिहाइड नावाची प्रयोगशाळेतील द्रव्ये धिटाईने वापरली, आणि त्यांनीच त्याला त्याचे वैशिष्ट्य दिले. आजची बहुतेक महाग अत्तरे अशी मिश्रच असतात. शिवाय अस्सल ते सदैव चांगलेच, असेही नाही. खरी कस्तुरी मिळविण्यासाठी कस्तुरीमृगाचा जीव घेत असत. आज भारतात १९७२ च्या वन्यजीव संरक्षण कायद्यान्वये त्या मृगाच्या शिकारीस व कस्तुरीच्या व्यापारास बंदी आहे. येथे स्वस्त नकलेने एका मुक्या प्राण्याचे प्राण वाचविण्यास हातभार लावला आहे.

येथवर बाटलीतील पदार्थाचा विचार झाला. परंतु वास हा अर्धा बाटलीत आणि अर्धा मनात असतो. अमेरिकेतील वायोमिंग विद्यापीठाचे प्राध्यापक स्लॉसन यांनी १८९९ साली प्रसिद्ध केलेला एक प्रयोग विद्यार्थ्यांस फार आवडेल. वर्गात एक बाटली आणून त्यांनी सांगितले की, हिच्यातील द्रवाचा वास हवेत किती वेगाने पसरतो हे आपणास पाहावयाचे आहे. ज्याला वास येईल त्याने हात वर करावा. मग तोंड बाजूला वळवून त्यांनी तो द्रव कापसावर ओतला व घड्याळ सुरू केले. पंधरा सेकंदांत पुढच्या रांगेतील बहुतेकांचे हात वर गेले. चाळीस सेकंदांत 'वास' मागच्या भिंतीपर्यंत पोहोचला. सुमारे तीन चतुर्थांश श्रोत्यांस तो आला. पुढे बसलेल्या काहींना तर तो इतका असह्य झाला की ते उठून जाण्याच्या बेतात होते. म्हणून प्रयोग थांबवावा लागला. बाटलीत काय होते? शुद्ध पाणी!

अलीकडील संशोधनही हेच सांगते. २००५ साली ऑक्सफर्डच्या शास्त्रज्ञांनी लोकांना एकच वास दोनदा दिला. एकदा चीजचे नाव सांगून आणि एकदा अंगाच्या घामाचे नाव सांगून. चीजचे नाव ऐकले तेव्हा तो वास लोकांना अधिक सुखद वाटला. नुसत्या शब्दांत नव्हे, तर मेंदूतील हालचालींतही तो फरक दिसला. २००८ साली कॅलिफोर्निया येथील शास्त्रज्ञांनी किमतीचीच परीक्षा घेतली. त्यांनी लोकांस एकच द्राक्षमद्य एकदा १० डॉलरचे व एकदा ९० डॉलरचे म्हणून चाखविले. (मद्याची गोष्ट शाळेच्या अंकात यावी याबद्दल पालकांनी क्षमा करावी, तिच्यातून घ्यावयाचा बोध सात्त्विकच आहे.) ९० डॉलरचे म्हटलेले अधिक रुचकर लागले आणि सुख जाणणारा मेंदूचा भागही त्या वेळी अधिक जागा झाला. याचा अर्थ असा की, किंमत ऐकून ज्याला वास अधिक आवडतो तो खोटे बोलत नसतो. त्याला सुख खरोखरच अधिक होते. मात्र त्या सुखाचा अधिक भाग बाटलीतून आलेला नसून कानातून आलेला असतो. आपल्या त्या दुसऱ्या विद्यार्थ्याने किंमत दोनदा का सांगितली, हे आता कळेल. तो नकळत मुलांच्या कानात अत्तर ओतीत होता.

तर मग महाग अत्तर घेण्यात काहीच अर्थ नाही काय? तसेही नाही. पुढील तीन बाबतींत अधिक पैशाचा मोबदला मिळू शकतो. पहिली, सुगंधी द्रव्याचे प्रमाण. मद्यार्कात विरघळविलेल्या परदेशी प्रकारांत 'ओ द कोलोन' यात ते साधारणपणे शेकडा २ ते ५, 'ओ द त्वालेत' यात ५ ते १५, आणि 'ओ द पर्फ्यूम' यात १५ ते २० असते. दुसरी, टिकाऊपणा. लिंबाच्या सालीसारखे हलके वास काही मिनिटांत उडतात, फुलांचे काही तास राहतात आणि चंदन, वाळा, ऊद यांचे दिवसभर रेंगाळतात. कुशल अत्तरिया त्यांची सांगड अशी घालतो की एक जाताना दुसरा पुढे यावा. तिसरी, निर्भेळपणा. कनौजी पद्धतीच्या अत्तरात जेथे चंदनतेल असावयास हवे, तेथे स्वस्त मालात बहुधा पॅराफिनसारखे निर्गंध तेल असते. परंतु या तीनही गुणांना मर्यादा आहे. बाटली दुप्पट महाग झाली म्हणून सुवास दुप्पट होत नाही. एका मर्यादेनंतर वाढलेली किंमत काचेची, खोक्याची, जाहिरातीतील देखण्या चेहऱ्याची, झगझगीत दुकानाच्या भाड्याची आणि नावाची असते. आणि सर्वांत महत्त्वाचे हे की, टिकाऊ असणे निराळे व आवडणे निराळे. दिवसभर टिकणारा वास आपल्याला मुळातच आवडत नसेल, तर त्याचे टिकणे हा गुण नसून शिक्षाच होय!

विद्यार्थिमित्रहो, माझ्या शब्दावर विश्वास ठेवू नका; स्वतः परीक्षा करून पाहा. दिवाळीच्या सुट्टीत घरच्या घरी करता येईल असा प्रयोग सांगतो. एक स्वस्त व एक महाग अत्तर, शक्यतो एकाच फुलाचे, घ्यावे. तीन सारख्या कागदी पट्ट्या घेऊन दोन पट्ट्यांना एक अत्तर व तिसरीला दुसरे लावावे. हे काम एकाने करावे व पट्ट्यांच्या मागे खूण करून बाहेर जावे; हुंगावयास देणारा दुसराच असावा, म्हणजे त्याच्या चेहऱ्यावरून काही कळणार नाही. हुंगणाऱ्याने तिघींतील निराळी पट्टी कोणती एवढेच सांगावयाचे. दोन वेळांमध्ये थोडी विश्रांती घ्यावी; कारण नाक लवकर थकते व ओळखीच्या वासाकडे दुर्लक्ष करू लागते. असे ९ वेळा करावे आणि प्रत्येक वेळी पट्ट्या नव्याने मांडाव्या.

आता गणित पाहा. ज्याला काहीच भेद कळत नाही, त्याचेही उत्तर तिनातून एकदा योगायोगाने बरोबर येईल. म्हणजे ९ पैकी सरासरी ३ वेळा. ६ किंवा अधिक उत्तरे केवळ योगायोगाने बरोबर येण्याचा संभव १०० मध्ये सुमारे ४ एवढाच आहे. तेव्हा ६ वा अधिक बरोबर आली तर नाकाला भेद कळतो असे मानण्यास हरकत नाही. ज्याला भेद कळला त्याला मग किंमत न सांगता दुसरा प्रश्न विचारावा: "यांपैकी तुला आवडते कोणते?" 'निराळे' आणि 'अधिक चांगले' हे दोन प्रश्न भिन्न आहेत, बाजारात त्यांची नेहमी गल्लत होते व त्या गल्लतीवरच पुष्कळांचा धंदा चालतो. पालकांसही एक सूचना कराविशी वाटते. दुकानात पहिल्याच हुंगण्यावर सौदा करू नये. पहिला वास हा पाहुण्यासारखा नटूनथटून आलेला असतो. अत्तर कागदाला वा रुमालाला लावून घरी यावे, अर्ध्या तासाने हुंगावे, सायंकाळी पुन्हा हुंगावे आणि मग मनाला विचारावे.

शेवटी एका फार जुन्या महाग अत्तराची आठवण होते. योहानाच्या शुभवर्तमानात बेथानी गावची एक कथा आहे. मरीयेने येशूच्या पायांना जटामांसीचे मोलवान तेल लाविले. जटामांसी ही आपल्या हिमालयातील वनस्पती. इतक्या दुरून आलेले ते तेल किती महाग असेल! तीनशे दिनारांचे, म्हणजे एका मजुराच्या जवळजवळ वर्षभराच्या मजुरीएवढे, असा हिशेब तेथे एकाने केलाही. त्या काळीही जटामांसीत दुसऱ्या वनस्पतीची भेसळ होत असे, असे प्लिनी या रोमन ग्रंथकाराने नमूद केले आहे. कथेत मात्र घर सुवासाने भरून गेल्याचे सांगितले आहे. घरात वास सर्वांनाच आला. किंमत काढीत बसला तो यहूदा.

आमच्या त्या विद्यार्थ्याच्या कानातील फाया कोणत्या तेलाचा होता हे मला ठाऊक नाही. त्यात कदाचित पॅराफिन असेल, कदाचित थोडे जिरेनिऑल असेल. आणि ते सातपुड्यातील रोशाचे असेल तर त्याला परदेशी बाटलीपुढे लाजण्याचे काहीच कारण नव्हते. पण एवढे मला ठाऊक आहे की, यात्रेच्या गर्दीत एका मातेने चार कुप्या हुंगून त्यांतील एक आपल्या मुलासाठी निवडली होती, आणि निवडताना किमतीची चिठ्ठी नव्हे तर स्वतःचे नाक वापरले होते. अत्तर पारखण्याची योग्य रीत तीच. तो मुलगा आता दहावीत आहे. हा अंक त्याच्या हाती पडेल तेव्हा त्याने हा लेख वाचावा, आणि येत्या संमेलनाला कानात फाया ठेवून यावे, अशी माझी इच्छा आहे. त्या वेळी टाकीवर जे मी बोलावयास हवे होते, ते हेच.